कायदा मंजूर झाला, मोर्चा घरी गेला, लॉबिंग सुरूच राहिलं

टाचणी (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी "कायदा झाला ना, मग विषय संपला" असं लिहिलं आणि चर्चा तिथेच थांबली. मला त्यापुढचंच बोलायचं आहे, म्हणून हा वेगळा धागा. मी अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे, त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची जास्त येतील, सांभाळून घ्या.

एखादं धोरण मंजूर झालं की मागणी करणारे टाळ्या वाजवून आपापल्या कामाला लागतात. ज्यांचे पैसे त्यात अडकलेले असतात ते मात्र तिथून हलत नाहीत, अधिकाऱ्यांकडे आपलं म्हणणं रेटणं, म्हणजेच लॉबिंग, चालूच ठेवतात. त्यांना पक्कं ठाऊक असतं की सभागृहात मंजूर होतो तो सांगाडा. कधीपासून लागू, कोणाला लागू, 'आस्थापना' म्हणजे नेमकं कोण, तपासणी कोण करणार, दंड कोण ठोठावणार, हे सगळं नंतर, सरकारी खातं कायद्याखाली जे नियम करतं त्यांत ठरतं. आणि ते ठरत असताना तिथे एकही वार्ताहर नसतो.

आधी तारखेचं घ्या. भारतात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याआधी एक कायदा होऊन गेला, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. माहिती स्वातंत्र्य कायदा, २००२. संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली. पण पहिल्याच कलमात लिहिलं होतं की केंद्र सरकार अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या तारखेपासून तो लागू होईल. ती अधिसूचना कधी निघालीच नाही. २००५ चा कायदा आला आणि त्याच्या कलम ३१ ने हा जुना कायदा, एकही दिवस न वापरलेला, रद्द केला.

आता २००५ च्या कायद्याचं कलम १ उघडून बघा. काही तरतुदी ताबडतोब लागू आणि उरलेला कायदा १२० व्या दिवशी. अधिसूचनेचा प्रश्नच ठेवला नाही. १५ जून २००५ ला राष्ट्रपतींची संमती आणि १२ ऑक्टोबरला कायदा आपोआप सुरू. दोन्ही कायद्यांच्या तरतुदींवर रकाने भरभरून लिहिलं गेलं, पण एक कायदा मेला आणि दुसरा जगला यात या एका उपकलमाचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत आहे.

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. अमेरिकेचा १९७३ चा पुनर्वसन कायदा, कलम ५०४. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमात अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही, एवढं एकच वाक्य. विधेयक पास होताना त्याकडे फारसं कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. मग लोकांना उमगलं की याचा अर्थ शाळा, इस्पितळं, विद्यापीठं, सगळ्यांना रॅम्प आणि दुभाषे द्यावे लागणार. झालं, नियम अडकले. विद्यापीठं आणि इस्पितळं खर्चाचं रडगाणं घेऊन संबंधित खात्याकडे जात राहिली आणि मसुदा या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. १९७६ मध्ये कोर्टाने नियम काढा म्हणून सांगितलं, तरी सही होईना. १९७७ मध्ये नवं सरकार आलं, नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो म्हणाले, मला पुन्हा एकदा तपासू द्या.

५ एप्रिल १९७७ ला अपंग कार्यकर्ते अनेक शहरांत खात्याच्या कार्यालयांत शिरले. बाकीची ठिकाणं लवकर रिकामी झाली, सॅन फ्रान्सिस्कोत मात्र शंभरावर माणसं तीन आठवड्यांहून जास्त आत राहिली. व्हीलचेअरवाले, अंध, कर्णबधिर, रोज दुसऱ्याच्या मदतीशिवाय अंथरुणातून उठता न येणारे. इमारतीतले फोन बंद करण्यात आले तेव्हा कर्णबधिर मंडळी खिडकीत उभी राहून खाली रस्त्यावरच्या लोकांशी खुणांच्या भाषेत बोलायची आणि निरोप बाहेर जायचे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज जेवण पोचवत होते. मागणी एकच, तयार असलेल्या नियमांवर आहे तशी सही करा. २८ एप्रिलला सही झाली.

जो कायदा आधीच मंजूर होता त्याच्यासाठी हे सगळं करावं लागलं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

चर्चेसाठी प्रश्न: मंजुरीनंतर विरोधकांनी आपलं म्हणणं लावून धरणं योग्य की लोकशाहीचा मागच्या दाराने केलेला पराभव? आणि समर्थकांनी नेमकं करायचं काय?

---

सुरपारंबी

धागा आवडला. अर्थक्षेत्रातलं उदाहरण देतो. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत डॉड-फ्रँक कायदा झाला, जुलै २०१०. त्यातला व्होल्कर नियम म्हणजे बँकांनी स्वतःच्या फायद्यासाठी सट्टा खेळू नये. कायद्यातलं कलम दहा-बारा पानांचं. त्यावरच्या मसुद्यावर १८,००० हून जास्त अभिप्राय आले. अंतिम नियम निघाला डिसेंबर २०१३ मध्ये आणि स्पष्टीकरणासकट त्याची पानं भरली नऊशेच्या वर. आता ही मधली पानं कोणी वाचली असतील? ज्यांना पगार देऊन वाचायला बसवलं होतं त्यांनी.

---

आडवळण

मी विरुद्ध बाजूचा माणूस, एका उद्योग संघटनेत नोकरी करतो, तेव्हा दगड मारायचे असतील तर सावकाश मारा.

सुरपारंबी, तुम्ही पानं मोजलीत, पण ती का वाढली ते सांगितलं नाहीत. कलमातच लिहिलंय की ग्राहकांसाठी बाजारात खरेदी-विक्रीची सोय ठेवणं, जोखीम झाकण्यासाठी केलेले व्यवहार, रोख्यांची हमी घेणं, हे सगळं चालेल. आता एका बँकेने सकाळी रोखे विकत घेतले आणि दुपारपर्यंत स्वतःकडे ठेवले. हे ग्राहकासाठी की सट्ट्यासाठी? कायदा करणाऱ्यांनी हा प्रश्न न सोडवता खाली ढकलला. मग खालच्यांना ज्यांना व्यवहार कळतो त्यांनाच विचारावं लागणार. संसदेने जे ठरवायचं टाळलं ते कुणीतरी ठरवायलाच हवं ना?

दुसरं, आमच्याकडून जाणाऱ्या निवेदनांतली बरीचशी अगदी रुक्ष असतात. अमुक चाचणी करायला सांगितली आहे पण ती करणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच नाही. तमुक नमुन्यात जी माहिती मागितली आहे ती आधीच दुसऱ्या नमुन्यात दिलेली आहे. यात लोकशाहीचा पराभव वगैरे काही नाही. आणि मतदान झालं म्हणून गाऱ्हाणं मांडायचा हक्क संपत नाही, तुमचाही नाही आणि माझाही नाही.

---

टाचणी

आडवळण, दगड नाही मारणार, उलट अशी बाजू इथे यायलाच हवी होती. प्रयोगशाळेचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण कायदा चालता व्हावा म्हणून केलेलं लॉबिंग आणि तो चालूच नये म्हणून केलेलं लॉबिंग, दोन्ही एकाच टपालाने, एकाच भाषेत येतात. दोघंही "आमचा उद्देशाला पाठिंबाच आहे" असंच सुरू करतात.

त्याच डॉड-फ्रँकमधलं कलम १५०४ बघा. तेल, वायू आणि खाण कंपन्यांनी कोणत्या सरकारला किती पैसे दिले ते जाहीर करायचं. भ्रष्टाचाराने पोखरलेल्या देशांतल्या लोकांना निदान आकडा तरी कळावा म्हणून. शेअर बाजाराच्या नियामकाने २७० दिवसांत नियम करायचे होते, ते झाले नाहीत. २०१२ मध्ये ऑक्सफॅम अमेरिकाने दिरंगाईबद्दल दावा ठोकला आणि त्याच वर्षी नियम निघाले. लगेच तेल कंपन्यांची संघटना कोर्टात गेली, २०१३ मध्ये नियम रद्द. पुन्हा सामसूम. पुन्हा ऑक्सफॅमचा दावा, २०१५ मध्ये कोर्टाने नियामकाला दिरंगाईबद्दल दोषी धरलं, २०१६ मध्ये दुसऱ्यांदा नियम. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या संसदेनेच खास प्रक्रिया वापरून तो नियम मोडीत काढला. गंमत अशी की मूळ कलम कायद्यात तसंच शिल्लक, म्हणजे नियम करण्याचं बंधन कायम, पण "तसाच नियम पुन्हा करायचा नाही" हेही बंधन! शेवटी डिसेंबर २०२० मध्ये तिसरा नियम आला, आधीच्यापेक्षा बराच पातळ. तोवर कॅनडा आणि युरोपीय संघ तसे कायदे करून मोकळेही झाले होते.

दहा वर्षांत मूळ कलमाचा एक शब्दही बदलला नाही, हे लक्षात घ्या.

---

बिनधास्त_बोका

एवढं लिहायची गरज काय, सगळं सेटिंग असतं. हरकती-सूचना मागवतात तो निव्वळ देखावा. आधीच ठरलेलं असतं.

---

निवृत्त_फाईल

बोकेबुवा, मी उभी नोकरी टेबलाच्या त्या बाजूला काढली आहे, म्हणून दोन शब्द. काही वेळा आधीच ठरलेलं असतं, खोटं कशाला बोलू. पण बहुतेक वेळा काहीच ठरलेलं नसतं आणि कुणालाच ठरवायचं नसतं.

मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवल्या की टपाल येतं. त्याचा एक तक्ता करावा लागतो. रकाने असे: अनुक्रमांक, कोणाकडून, नियम क्रमांक, हरकत थोडक्यात, विभागाचे अभिप्राय. हा तक्ता करतो सगळ्यात कनिष्ठ माणूस. एखादं चार पानी पत्र असतं, कळकळीने लिहिलेलं, समाजाच्या स्थितीचं वर्णन, शेवटी "तरी शासनाने गांभीर्याने विचार करावा". आता तो बिचारा नियम क्रमांकाच्या रकान्यात काय लिहिणार? "सर्वसाधारण" लिहितो. आणि 'सर्वसाधारण' असलेल्या ओळीसमोर शेवटच्या रकान्यात ठरलेलं उत्तर येतं, "नोंद घेण्यात आली". ते पत्र तिथे संपलं.

संघटनांची माणसं काय करतात? एका पानावर डावीकडे मसुद्यातला नियम, उजवीकडे त्यांना हवा असलेला मजकूर, खाली तीन ओळी कारण. संध्याकाळपर्यंत टिपणी वर पाठवायची असते आणि समोर तयार मजकूर पडलेला असतो. पुढे काय होतं ते तुम्हीच ओळखा. लाच नाही, ओळख नाही, नुसती सोय. आडवळण यांना हे माहीत असणारच.

कायद्यात मसुदा आधी प्रसिद्ध करण्याची अट असेल तर भारतातल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २३ नुसार आलेल्या हरकतींचा विचार करणं बंधनकारक आहे. विचार करणं, मान्य करणं नव्हे. पण निदान फाईलवर लिहावं लागतं, आणि ती फाईल पुढे कोर्टात जाऊ शकते ही भीती असते.

---

आडवळण

माहीत आहे. आमच्याकडे त्या दोन रकान्यांच्या पानाचा साचाच तयार ठेवलेला असतो. :)

---

बिनधास्त_बोका

बरं, मान्य. पण मग हे वाचा. २०१७ मध्ये अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटीचे (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवायचं), दोनच वर्षांपूर्वी मंजूर झालेले नियम मागे घ्यायचे होते. त्यावर दोन कोटी वीस लाखांच्या आसपास अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने २०२१ मध्ये चौकशी अहवाल दिला: त्यातले सुमारे एक कोटी ऐंशी लाख बनावट! ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतले, खऱ्या लोकांची नावं त्यांना न विचारता वापरून. आणि दुसऱ्या बाजूने एका १९ वर्षांच्या कॉलेजच्या पोराने एकट्याने ७७ लाख टाकले, खोटी नावं तयार करून. याला जनमत म्हणायचं?

---

निवृत्त_फाईल

म्हणूनच तर म्हणतो, आकड्याला भुलू नका. एकाच मजकुराची दहा हजार पत्रं आली तरी तक्त्यात ती एकच ओळ होते, फक्त कंसात "अशी १०,००० पत्रे प्राप्त" लिहिलं जातं. मंजुरीआधी आमदार-खासदारांवर संख्येचा परिणाम होतो, कारण त्यांना मतं हवी असतात. मंजुरीनंतर समोर बसलेल्या माणसाला मतं नको असतात. त्याला हवं असतं अंगावर न येणारं कारण.

---

ढगोबा

वाचतोय. तंबाखूचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही म्हणून भर घालतो.

ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये साध्या वेष्टनाचा कायदा केला, म्हणजे सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची, कंपनीचं बोधचिन्ह नाही. डिसेंबर २०१२ पासून पूर्ण लागू. तंबाखू कंपन्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ऑगस्ट २०१२ मध्ये हरल्या. एका कंपनीने आपल्या हाँगकाँगच्या शाखेमार्फत गुंतवणूक कराराखाली लवाद लावला, तो डिसेंबर २०१५ मध्ये निकालात निघाला. क्यूबा, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेले, त्याचा अखेरचा निकाल आला २०२० मध्ये. सगळीकडे ऑस्ट्रेलिया जिंकला.

आता विचार करा, एवढ्या हरणाऱ्या लढाया कशासाठी? ऑस्ट्रेलियात कायदा थांबणार नाही हे तर २०१२ लाच कळलं होतं. पण न्यूझीलंडने तसाच कायदा करायचं ठरवलं आणि मग हे खटले निकालात निघेपर्यंत वाट बघू म्हणून हात आखडता घेतला. त्यांचा कायदा २०१६ ला झाला. मंजुरीनंतरचं लॉबिंग बऱ्याचदा मंजूर झालेल्या धोरणाविरुद्ध नसतंच, रांगेतल्या पुढच्या देशाला घाबरवायला असतं.

भारतातही वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा छापण्याची अधिसूचना ऑक्टोबर २०१४ मध्ये निघाली, १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायची होती. ऐन वेळी संसदेच्या एका समितीने थांबा म्हटलं. त्या समितीतले एक खासदार स्वतः विडी उद्योगातले होते, त्यावरून तेव्हा बराच गदारोळ झाला. राजस्थान उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि १ एप्रिल २०१६ ला एकदाचं लागू झालं. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केले, जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे मंत्रालय, समिती, दोन उच्च न्यायालयं, सर्वोच्च न्यायालय. यातल्या एकाही ठिकाणी समर्थकांचा वकील हजर नसता तर?

---

सुरपारंबी

ढगोबा, मस्त प्रतिसाद. पुढे ढकलण्याचं अगदी ताजं उदाहरण युरोपातलं. जंगलतोड करून पिकवलेला माल (कोको, कॉफी, पाम तेल, सोया, लाकूड वगैरे) युरोपात विकता येणार नाही असा कायदा २०२३ मध्ये झाला. लागू होण्याची तारीख डिसेंबर २०२४. निर्यातदार देशांनी, लाकूड आणि शेती संघटनांनी ओरडा केला, एक वर्ष पुढे गेलं. मग आणखी एक वर्ष.

यात मला रस वाटला तो वेगळ्याच गोष्टीत. ज्या बड्या चॉकलेट कंपन्यांनी माल कुठल्या शेतातून आला हे शोधायची यंत्रणा आधीच उभी केली होती, त्यांच्यातल्या काहींनी "पुढे ढकलू नका" म्हणून पत्रं लिहिली! प्रामाणिक माणसाने खर्च केला आणि टाळाटाळ करणाऱ्याला मुदतवाढ मिळाली की पहिला चिडणारच. धोरणाच्या समर्थकांनी अशा कंपन्या हेरून ठेवायला हव्यात. अंमलबजावणी सुरू झाली की उद्योगाची एकजूट फुटते, हे आपल्याकडच्या आंदोलनांना उशिरा कळतं.

उलट बाजूही आहे. कॅलिफोर्नियात ॲपवरच्या चालकांना कर्मचारी ठरवणारा कायदा १ जानेवारी २०२० ला लागू झाला. कंपन्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थेट जनमत घेऊन स्वतःपुरती सूट मिळवली, प्रचारावर २० कोटी डॉलरहून जास्त उधळून. कायदा तसाच उभा, फक्त ज्यांच्यासाठी केला ते बाहेर.

---

पाणकोंबडी

सगळे नियम, कोर्ट आणि कंपन्या यांच्यावरच बोलताय. ज्यांच्यासाठी धोरण केलं त्यांनी ते वापरायला सुरुवात करणं हीसुद्धा पैरवीच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जोरकस.

वनहक्क कायदा डिसेंबर २००६ चा. लागू झाला ३१ डिसेंबर २००७ ला, नियम १ जानेवारी २००८ ला. त्यात बांबू हे स्पष्टपणे गौण वनोपज (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पादन) म्हटलंय आणि त्यावर गावाची मालकी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हातात आला. पण बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणार वनखातं. खात्याचं म्हणणं, जुन्या १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड आहे. म्हणजे मालकी तुमची, पण फाटकाची किल्ली आमच्याकडे.

गावाने वाद घालत बसण्यापेक्षा बांबू तोडून विकायलाच काढला. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली केलं. २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येतून वनाबाहेरच्या बांबूपुरतं का होईना, बांबूचं झाडपण गेलं. एका पावती पुस्तकासाठी एवढं सगळं. पण ते पुस्तक कोण फाडणार हाच तर कायद्याचा खरा मुद्दा होता!

---

टाचणी

पाणकोंबडी, हे सोन्यासारखं उदाहरण दिलंत. आमच्या क्षेत्रातही तसंच आहे. रॅम्पचा नियम कागदावर पाच वर्षं पडून राहतो आणि एक मुलगी व्हीलचेअर घेऊन परीक्षा केंद्राच्या पायऱ्यांपाशी उभी राहते तेव्हा त्याच दिवशी फळ्या टाकल्या जातात. वैताग हाच की दर वेळी कुणीतरी पायऱ्यांपाशी जाऊन उभं राहावं लागतं.

भारतातल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सांगायचं राहिलं. कायद्यात सुगम्यता (म्हणजे इमारती, वाहनं, सेवा अपंगांना वापरता येणं) बंधनकारक, पण २०१७ च्या नियमांत नियम १५ खाली जी मानकं जोडली त्यांतली बरीचशी निव्वळ शिफारसवजा. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत किमान बंधनकारक मानकं करायला सांगितलं. नियम निघाले तेव्हाच कुणी "हे मूळ कायद्यापेक्षा कमी आहे" असं दोन रकान्यांत मांडून ते सरकारच्या गळी उतरवलं असतं तर सात वर्षं वाचली असती.

---

ढगोबा

एक शंका. स्वयंसेवी संस्थांना लॉबिंगवर बंधनं असतात ना? मग हे सगळं करायला कायद्याने वाव आहे का?

---

सुरपारंबी

देशागणिक वेगळं. अमेरिकेत करसवलत मिळालेल्या धर्मादाय संस्थांना लॉबिंग मर्यादितच करता येतं, पण तिथल्या करखात्याच्या लेखी लॉबिंग म्हणजे कायदा करण्यावर प्रभाव टाकणं. मंजुरीनंतर नियमांवर अभिप्राय देणं, खात्याला भेटणं, कोर्टात जाणं त्यात धरत नाहीत. म्हणजे ज्या संस्था लॉबिंगच्या भीतीने विधेयकाच्या वेळी गप्प बसतात त्यांना नंतर खुलं मैदान असतं. बऱ्याच संस्थांच्या विश्वस्तांना हे ठाऊकच नसतं.

भारतात लॉबिंगची नोंदणी करणारा कायदाच नाही. कोणती कंपनी कोणत्या नियमासाठी कोणाला भेटली ते कळायचा राजमार्ग नाही. २०१२ मध्ये वॉलमार्टने भारतीय बाजारात शिरकावासाठीही लॉबिंग केल्याचं आपल्याला कुठून कळलं? तर अमेरिकेच्या सिनेटमध्ये दाखल केलेल्या त्यांच्या अहवालातून!

---

आडवळण

नोंदणी कायदा आला तर आमची ना नाही, निदान माझी तरी नाही. आज कुणीही दलाल "मी उद्योगाच्या वतीने आलोय" सांगून आत शिरतो आणि बदनाम आम्ही होतो.

---

निवृत्त_फाईल

पैशाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. धोरण मंजूर, नियम झाले, पण अर्थसंकल्पात त्याचं लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) उघडलं नाही, पदं मंजूर झाली नाहीत, की कायदा कोपऱ्यात पडून राहतो. त्यासाठी कुणाला वाईट व्हावं लागत नाही. वित्त विभागाने "उपलब्ध तरतुदीतून भागवावे" असा शेरा मारला की काम झालं. मागणी करणाऱ्यांनी अर्थसंकल्पाच्या दोन-चार महिने आधी फिरायला सुरुवात करावी. अर्थसंकल्प मांडल्यावर निवेदन घेऊन येणाऱ्यांना आम्ही आदराने बसवायचो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचो.

आणखी एक हत्यार कुणी वापरत नाही. नियम झाल्यावर ते सभागृहापुढे ठेवावे लागतात, संसदेत साधारण ३० दिवस. त्या काळात कुठलाही सदस्य नियमात बदल करा किंवा रद्द करा असा प्रस्ताव आणू शकतो. प्रस्ताव मंजूर होणं दुर्मीळच, पण नोटीस आली तरी विभागात पळापळ होते.

---

पाणकोंबडी

अवांतर: २००६ मध्ये माहिती अधिकारातून फाईलींवरचे शेरे वगळायची दुरुस्ती येऊ घातली होती, आठवतंय का? कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. लोक लगेच उठले आणि ती बारगळली, कारण तोवर हजारो लोकांनी अर्ज करून कायद्याची चव घेतली होती. पण २०१९ मध्ये माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि पगार सरकारच्या हातात देणारी दुरुस्ती विरोध होऊनही मंजूर झाली. शेरे वगळणं सगळ्यांना कळतं. आयुक्तांच्या पगाराचं कलम समजावून सांगायलाच अर्धा तास लागतो, तोवर समोरचा जांभई देतो.

---

बिनधास्त_बोका

चला, मी बदलतो माझा सूर. खरा प्रश्न विचारतो. आमच्या कामाशी संबंधित एका नियमाचा मसुदा आलाय, हरकतींना ३० दिवस आहेत, त्यातले निम्मे गेले. आम्ही पाच-सहा जण आहोत, संघटना वगैरे नाही. काय लिहू?

---

टाचणी

आधी मूळ कायदा आणि मसुदा शेजारी ठेवून वाचा. व्याख्यांचं कलम, "लागू होणार नाही" असं कुठे म्हटलंय ते, आणि मुदती. कायद्यापेक्षा नियम जिथे कमी देतोय तिथे खूण करा. सगळ्या मसुद्यावर लिहू नका, तुमचं पोट ज्यावर आहे ते दोन किंवा तीन नियम धरा. पाच जणांनी एकच पत्र पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या कामातला वेगळा अनुभव लिहा: हा नियम असाच राहिला तर अमुक दिवशी माझ्याकडे काय होईल. तसं वर्णन फाईलवर दुसऱ्या कुणाकडून येत नाही.

---

निवृत्त_फाईल

वरचं सगळं बरोबर. प्रत्येक हरकतीच्या सुरुवातीला नियम आणि उपनियमाचा क्रमांक, मग बदललेला मजकूर पूर्ण वाक्यात, मग कारण. "योग्य तो बदल करावा" असं लिहू नका, तो बदल तुम्हीच लिहून द्या. जो नियम चांगला आहे त्याच्याबद्दलही एक ओळ लिहा की हा असाच ठेवावा, कारण तो काढा म्हणून कुणीतरी नक्की लिहिलं असणार आणि तुमचं पत्र नसेल तर तक्त्यात त्याच्या विरुद्ध एकही ओळ नसेल. ईमेल केलीत तरी छापील प्रत आवक-जावकला देऊन शिक्क्याची पोच घ्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी खिडकीवर आडवळण यांच्यासारखी मंडळी रांगेत असतात.

---

आडवळण

आम्ही पहिल्या आठवड्यातच देऊन येतो हो. :)